पान चारवरचा बेडूक

एर्मेस बारालदीने एकोणतीस वर्षं दर रविवारी सकाळी पक्षाचं साप्ताहिक घरोघर पोहोचवलं, आणि त्यातली एक ओळही कधी वाचली नाही. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. पो नदीकाठच्या त्या इटालियन गावात कम्युनिस्ट पक्षाचे सातशे सभासद होते, आणि साप्ताहिक न वाचण्याच्या बाबतीत त्यांच्यात जेवढं मतैक्य होतं तेवढं दुसऱ्या कुठल्याही ठरावावर झालं नव्हतं. फरक एवढाच, की बाकीचे वाचत नव्हते आणि एर्मेसला वाचता येत नव्हतं.

साप्ताहिकाचं नाव 'बांध'. नदीचा बांध पूर अडवतो तसा हा बांध भांडवलशाही अडवणार होता. त्याचा जन्म काळे सदरे घालणाऱ्या फॅसिस्टांच्या राज्यात झाला. तेव्हा तो म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ एक कागद असायचा आणि दुधाच्या कॅनच्या दुहेरी बुडातून गावोगाव फिरायचा. कॅन वाहायचा गोठ्यात काम करणारा एर्मेस. पक्षाने त्याला मुद्दाम निवडलं होतं. सापडलाच तर आत काय लिहिलंय हे त्याला सांगताच येणार नव्हतं. आणि एकदा तो सापडलाही. अधिकाऱ्याने कागद त्याच्या नाकासमोर धरला, म्हणाला, "वाच!" एर्मेसच्या चेहऱ्यावरचा गोंधळ इतका अस्सल होता की दोन थोबाडीत देऊन त्याला सोडून दिलं. निरक्षरतेचा पक्षाला झालेला हा पहिला आणि शेवटचा फायदा.

युद्ध संपलं आणि पक्षाने अज्ञानाविरुद्ध लढा पुकारला. लोकगृहात, म्हणजे पक्षाच्या सभागृहात, संध्याकाळचे साक्षरता वर्ग सुरू झाले. शाखेचा सचिव एनोस मालागोली चीजच्या सहकारी संस्थेत वजनकाट्यावर कारकून होता, चष्मा लावायचा, त्यामुळे विचारवंत समजला जायचा. वर्गाचा प्रमुख कोण, असा प्रश्न निघाल्यावर तो म्हणाला, "गरिबाघरचा पाहिजे, विश्वासातला पाहिजे आणि आवाज खणखणीत पाहिजे. एर्मेस!"

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता वर्गाचा प्रमुखच बाकावर बसला तर प्रमुख कोण राहणार? त्यामुळे एर्मेस तीन हिवाळे दारात उभा राहिला. लोकांना घरातून ओढून आणलं, शेगडी पेटवली, हजेरी घेतली (नावं तोंडपाठ करून), गप्पा मारणाऱ्यांना दटावलं. एकतीस जण लिहायला-वाचायला शिकून बाहेर पडले. त्यांच्या प्रशस्तिपत्रकांवर सही करता यावी म्हणून एर्मेसने स्वतःचं नाव तेवढं चित्र काढावं तसं काढायला शिकून घेतलं. एकतीस प्रशस्तिपत्रकं एका निरक्षराच्या सहीची. त्यानंतर 'मला वाचता येत नाही' असं तो कुठल्या तोंडाने सांगणार होता?

घरी मात्र एकीला माहीत होतं. त्याची बायको दिर्चे पाचवीपर्यंत शिकलेली होती.

सेहेचाळीस साली 'बांध' उजळ माथ्याने छापला जाऊ लागला आणि घरोघर तो वाटायचं काम एर्मेसकडे आलं. शनिवारी दुपारच्या बसने बोलोन्याहून गठ्ठा यायचा. रविवारी चर्चची घंटा वाजली की एका फाटकातून बायाबापड्या प्रार्थनेला निघायच्या आणि दुसऱ्या फाटकातून एर्मेस आत शिरायचा. दारात नुसता अंक द्यायचा नाही, आत काय आहे ते समजावून सांगायचं, असा पक्षाचा नियम होता. म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत आत काय आहे ते कळायला हवं.

पहिल्या शनिवारी दिर्चेने शेवयांचं पीठ लाटून बाजूला ठेवलं, पिठाचे हात एप्रनला पुसले आणि अग्रलेख वाचायला घेतला. सगळा वाचला, एक शब्द न गाळता. एर्मेस ऐकत राहिला, आणि वाचन संपल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं रे?"

"काही कळलं नाही दिर्चे. एक शब्द कळला नाही. ज्याच्यासाठी मी मार खाल्ला ते मलाच कळत नसेल, तर मी पक्षाच्या लायकीचाच नाही."

दिर्चेने अंकाची घडी घातली. पुढच्या शनिवारी मात्र साप्ताहिक एकदम सुधारलं. संपादक मंडळाला अक्कल आली असावी असं एर्मेसला वाटलं. आता त्यात माणसं होती. एका गवंड्याने मालकाच्या न्हाणीघराची भिंत दारासकट बांधून बंद केली होती. एका म्हातारीने जप्तीला आलेल्या कारकुनाला इतका वेळ जेवू घातलं की तो जप्ती विसरून झोपून गेला. दिर्चे एक पान तासभर वाचायची. मधूनच खिडकीबाहेर नजर लावून थांबायची, तेव्हा ती क्रांतीचा विचार करत असावी अशी एर्मेसची समजूत होती.

आणि अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात तो बेडूक आला. पान चार, डावीकडे खाली. वेर्चेल्लीच्या भातखाचरांत निंदणीला गेलेली आल्फोन्सिना नावाची बाई. मुकादम काठावर बूट काढून डुलकी घ्यायचा आणि उठला की बायांना शिव्या घालायचा. आल्फोन्सिनाने एक गलेलठ्ठ बेडूक त्याच्या बुटात सोडला. मुकादमाने पाय घातला, किंचाळला, एका पायावर नाचत सरळ पाण्यात गेला. चाळीस बाया गुडघाभर पाण्यात हसत उभ्या, आणि त्या दिवशी आठ तासांचं काम पहिल्यांदा आठच तासांत संपलं. एर्मेस इतका खूश झाला की त्याने त्या अंकाला लाल लोकरीचा धागा बांधून ट्रंकेत वेगळा ठेवला.

रविवारी त्याने ही गोष्ट पहिल्या दाराशी, कोंबड्या पाळणाऱ्या अर्गियाला सांगितली. अर्गिया दरवर्षी दिर्चेबरोबर निंदणीला जायची. ती हसता हसता चौकट धरून खाली बसली.

"हे छापलंय? पक्षाने?"

"पान चारवर. डावीकडे खाली."

"मग मला दोन दे," अर्गिया म्हणाली, आणि तेव्हापासून दर रविवारी दोन घेऊ लागली. पक्षाचा विचार तळागाळात कसा रुजतो, हे एर्मेसने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

वर्षं गेली. छप्पन साली हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा अर्धं संपादक मंडळ बाहेर पडलं आणि त्यांनी स्वतःचं मासिक काढलं. उरलेल्या अर्ध्यांनी लिहिलं की बाहेर पडलेले कधी आत नव्हतेच. मग बाहेर पडलेल्यांतही दोन तट पडले आणि दोन मासिकं झाली. अडुसष्ट साली गावातल्या तीन विद्यार्थ्यांनी 'बांध' हा मालकांचा बांध आहे असं जाहीर करून स्वतःचं पाक्षिक काढलं. त्यावर संपादक म्हणून पाच नावं होती. उरलेले दोघे कोण, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. एर्मेसच्या गठ्ठ्यात मात्र एकशे बारा प्रती यायच्या आणि एकशे बारा खपायच्या.

एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात दिर्चे गेली. फुप्फुसांत पाणी झालं होतं, नऊ दिवसांत सगळं आटोपलं. पक्षाने लाल झेंडा पाठवला, एनोसने स्मशानात भाषण केलं आणि त्यात दिर्चेचं नाव दोनदा चुकवलं. शनिवारी बस आली. एर्मेसने गठ्ठा घरी आणला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिला. सगळी अक्षरं होती तिथेच होती, आणि बोलत एकही नव्हतं. त्याला दिर्चेची इतकी आठवण कबरीपाशीही आली नव्हती.

रविवारी अर्गियाने दार उघडलं. "काय म्हणतो या आठवड्याचा बांध?"

खरं सांगितलं तर रविवारचा फेरा सुटणार होता. त्या एकतिसांतल्या कुणालाही ते काम मिळालं असतं. आणि फेरा सुटला तर सत्तावन्न वर्षांच्या विधुराकडे रविवारी उरतं काय?

"म्हणतो की..." एर्मेस म्हणाला, आणि खोटं बोलला. दिर्चे सांगायची तसंच काहीतरी, एका ट्रॅक्टरवाल्याचं. शरमेने त्याचे कान तापले. सत्य छापणाऱ्या साप्ताहिकाच्या तोंडी आपण पदरचं घालतोय, हे पाप त्याने त्या दिवसापासून रोज मनात वागवलं आणि दर रविवारी नव्याने केलं.

एकदा तर हद्द झाली. कालव्यावरचा पाण्याचा पंप वर्षभर बंद होता, आणि रागाच्या भरात एर्मेसने एकशे अकरा दारांशी सांगितलं, "बांधने लिहिलंय, आपल्या गावचा पंप म्हणजे पक्षाला काळिमा." सोमवारी ते महापौरांच्या कानावर गेलं. महापौर पक्षाचेच. त्यांनी अंक उघडून पाहिला असता तर दोन मिनिटांत खुलासा झाला असता. पण महापौरांनी अंक उघडायचा, हे कुणाच्या कल्पनेत बसणार? गुरुवारी नवा पंप आला. सभेत महापौर म्हणाले, "तो टीकालेख मी दोनदा वाचला, कॉम्रेड्स. कठोर आहे, पण बरोबर आहे." एनोसने मान डोलावली. त्याने तीनदा वाचला होता.

आणि इथेच एर्मेसचं नशीब फिरलं. त्र्याहत्तरपर्यंत 'बांध'चा खप सगळीकडे निम्म्यावर आला होता, फक्त या गावात एकशे बाराच्या एकशे बारा. बोलोन्याच्या मंडळींना हे गूढ उकलेना. शेवटी संपादक मंडळाने आपल्या सगळ्यात हुशार सदस्याला पाठवलं, डॉक्टर फुल्विया सार्तोरियो. बाई पस्तिशीच्या, तत्त्वज्ञान शिकलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या. सप्टेंबरात पक्षाची जत्रा होती. त्यात एर्मेसचा सत्कार करायचा आणि 'बारालदी पद्धती'चा अभ्यास करायचा, असा बेत ठरला.

जत्रेत तळलेल्या न्योक्को पुऱ्यांचा वास होता, लाम्ब्रुस्को वाइनचे ग्लास होते, आणि चारशे माणसं बाकांवर. एर्मेसला मंचावर बोलावून बिल्ला लावला. मग एनोसला कल्पना सुचली. एनोसला कल्पना सुचली की कुणाचं तरी नुकसान व्हायचंच.

"आता कॉम्रेड बारालदी आपल्याला विशेषांकातला अग्रलेख वाचून दाखवतील! लेखिका खुद्द इथे बसल्या आहेत!"

एर्मेसच्या हातात अंक आला. समोर चारशे चेहरे, त्यांत त्याने सही दिलेले एकतीसपैकी उरलेले चोवीस. पळायला जागा नव्हती. त्याने डोळे अक्षरांवर ठेवले, घसा खाकरला आणि सुरुवात केली. "कॉम्रेड्स, आमच्या गावात एक पंप होता..."

बंद पंपाची गोष्ट झाली, मग पंपवाल्याच्या बायकोची, जी त्या पंपाच्या टाकीत बदकं पाळायची, आणि नवा पंप आला तेव्हा बदकांच्या पुनर्वसनासाठी तिने शाखेकडे रीतसर अर्ज केला. लोक पोट धरून हसले. पुढच्या रांगेत एनोस अंक उघडून बसला होता आणि मान डोलावत होता. एर्मेसने पान उलटलं तेव्हा त्यानेही उलटलं. महापौरांनी शेजारच्याला सांगितलं की हा भाग त्यांना विशेष आवडला.

सगळ्या मांडवात एकटी फुल्विया पांढरीफटक पडली होती. तिच्या लेखात बदकं नव्हती.

सोमवारी सकाळी ती एर्मेसच्या दारात उभी राहिली. त्याने खुर्ची दिली, कॉफी ठेवली, आणि ती काही विचारायच्या आत म्हणाला, "मला वाचता येत नाही, डॉक्टरबाई. कधीच येत नव्हतं. बायको वाचून दाखवायची. ती गेल्यापासून मी मनाचं सांगतोय. बिल्ला घेऊन जा. फेराही दुसऱ्या कुणाला द्या."

फुल्वियाने सिगारेट पेटवली. एर्मेसलाच राहवेना. मनातला राग बाहेर पडला.

"पण एक सांगतो. तुम्ही लोकांनी बिघडवलाय बांध. बाहेरगावचे लोक हल्ली म्हणतात कंटाळवाणा झालाय. माझी दिर्चे होती तेव्हा कसा होता माहीत आहे? थांबा."

त्याने पलंगाखालून ट्रंक ओढली. आत अंकांचे गठ्ठे होते, नीट बांधलेले. त्याने लाल धाग्याचा अंक काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "पान चार. डावीकडे खाली. वाचा, म्हणजे कळेल लिहायचं कसं."

पानाच्या कोपऱ्यात पिठाने उमटलेला अंगठ्याचा ठसा होता, पिवळट पडलेला. फुल्वियाने वाचलं, "'सुपरफॉस्फेट खतांवरील जकातीसंबंधी केंद्रीय समितीच्या चौथ्या बैठकीत सादर झालेला अहवाल. परिच्छेद पहिला...'"

"ते नव्हे. त्याच्या खालचं. बेडकाचं."

"खाली परिच्छेद दुसरा आहे."

"मग दुसरं पान असेल. गवंड्याचं बघा. म्हातारीचं बघा, ती कारकुनाला जेवू घालते ती."

फुल्वियाने सगळा अंक चाळला. मग दुसरा. मग गठ्ठ्यातला तिसरा. सगळीकडे बैठका, अहवाल, जकाती आणि अभिनंदनाच्या तारा. ती हळू म्हणाली, "कॉम्रेड, यात बेडूक कुठेच नाही. कधीच नव्हता."

एर्मेसने त्या ठशावर बोट ठेवलं. तेवीस वर्षं. पिठाचे हात, खिडकीबाहेर लागलेली नजर, एका पानाला एक तास. त्याच्या एकदम लक्षात आलं की दिर्चेने एवढा वेळ पान कधी उलटलंच नव्हतं. त्याने अंक छातीशी धरला आणि रडला, मोठ्याने, लाज न बाळगता.

फुल्वियाचेही डोळे भरले. दोन मिनिटांनी ती पुन्हा संपादक झाली. "हे मी अहवालात कसं लिहू?"

"तुमच्या भाषेत लिहा," एर्मेस नाक पुसत म्हणाला. "कुणाला कळायचं नाही."

तिने तसंच लिहिलं. 'या गावातील यशाचं कारण म्हणजे वाचकांची उच्च सैद्धांतिक जाणीव.' त्या आधारावर संपादक मंडळाने सिद्धांताची आठ पानं वाढवली आणि दोन वर्षांनी 'बांध' बंद पडला. शेवटच्या अंकात वाचकांच्या उदासीनतेवर कडक लेख होता. फेरा मात्र तिने कुणाला दिला नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

ते पुढचं. त्या रविवारी घंटा वाजली आणि एर्मेस गठ्ठा घेऊन निघाला खरा, पण पाय उचलत नव्हते. आता खोटंही बोलवेना. अर्गियाने दार उघडलं. तिच्या हाताला पीठ होतं.

"काय म्हणतो या आठवड्याचा बांध?"

"काही म्हणत नाही, अर्गिया. कधीच काही म्हणाला नाही. सगळं दिर्चेच म्हणायची." त्याने गठ्ठा पायरीवर ठेवला. "आणि चार वर्षं मी. पान चारवर बेडूक नाहीच. तिथे खताची जकात आहे."

"तिथे कसा असेल? बेडूक मुकादमाच्या बुटात होता," अर्गिया म्हणाली. "मी घातला होता."

"कधी?" एर्मेसने विचारलं.

"सत्तेचाळीस साली, वेर्चेल्लीला. दिर्चे माझ्या शेजारच्या ओळीत होती, हसून पाण्यातच बसली. आणि वर्षाने तू माझ्या दारात येऊन माझीच गोष्ट मला सांगितलीस, पक्षाच्या नावावर. दुपारी दिर्चे धापा टाकत आली. म्हणाली, त्याला बोलू नको गं, शनिवारी तो एवढा खूश असतो. मग काय, धुण्याच्या घाटावर आमच्या पाळ्या लागल्या. या आठवड्यात कुणाची गोष्ट, पुढच्या आठवड्यात कुणाची. त्याआधीची ती जप्तीवाली म्हातारीसुद्धा शेजारच्या झायराची सासूच. झायरा तर अजून कुरकुरते, तिच्या नवऱ्याची गोष्ट राहूनच गेली म्हणून."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"बायांना. पुरुषांना कशाला सांगायचं? त्यांनी अंक वाचला, तरच कळणार होतं."

"आणि मी सांगत होतो ते?"

अर्गिया खोटं बोलणारी बाई नव्हती. "दिर्चेइतकं जमत नाही तुला. बदकं बरी होती."

तिने गठ्ठ्यातून दोन अंक उचलले, न बघता काखेत मारले आणि पायाने स्वयंपाकघराचं दार ढकललं.

"आत ये, बस. झायराच्या नवऱ्याचं सांगते. नीट ऐक, पुढच्या दारात तुलाच सांगायचंय."

एर्मेसने टोपी काढली आणि आत जाऊन बसला.